पाहुण्यांच्या आधीची शर्यत

मैदानात सगळे समान असतात, असं परवा नातीच्या शाळेत प्रमुख पाहुणे मंडपात बसून सांगत होते. मुलं उन्हात उभी राहून ऐकत होती. तेवढ्यात फक्कीचा वास आला आणि साठच्या दशकातलं पालघरचं मैदान आठवलं.

मी खेळाचा शिक्षक होतो. तारापूरकडच्या कोळीवाड्यातली हिरा दोनशे मीटरला तीन वर्षं हरली नव्हती. पाहुण्यांना दोन तास उशीर झाला होता, आणि त्यांच्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही, असा हेडमास्तरांचा हुकूम होता.

“सर, भरतीबरोबर आमची होडी येते. आईला एकटीला टोपल्या उचलवत नाय. आता धावू द्या, नाय तर मी चालली.”

“अगं, पाहुणे येतायत ना!” हेडमास्तर ओरडले.

“पाहुन्यांसाठी भरती थांबते काय?”

मी शिट्टी फुंकली. अनवाणी हिरा सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडून तशीच घरची गाडी पकडायला स्टेशनकडे पळाली. मी तिची वेळ नोंदवहीत शाईने लिहिली. हेडमास्तर म्हणाले, खोडा. मी खोडली नाही. तेव्हा नोकरीची धास्ती वाटली होती; आता वाटतं, त्या नोकरीत तेवढंच एक काम धड झालं.

पाहुण्यांसाठी शर्यत पुन्हा घेतली. पहिल्या आलेल्या मुलीला करंडक मिळाला. तिला हिरापेक्षा चार सेकंद जास्त लागले होते.