रेवाचे पोहे

"मैडम, आपके पोहे से बदबू आ रही है." कॅम्प चालवणाऱ्या नितीनजींचा फोन होता. "बच्ची ने कल से कुछ खाया नहीं. चढ़ाई पे चक्कर खाके गिर गई."

"एकही पाकीट फेकू नका. मी येते," म्हणाले आणि स्नेहलतागंजमधलं माझं छोटं युनिट बंद करून सिमरोलच्या रस्त्याला लागले.

माझा धंदा सुक्या जेवणाचा. पोहे किंवा खिचडी शिजवायची, ड्रायरमध्ये त्यातलं पाणी काढायचं, पाकिटात सील करायचं. पाणी नाही म्हणजे बुरशी नाही, वास नाही. कॅम्पवर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवलं की जेवण तयार. हे बिघडवायचं तर मुद्दाम मेहनत घ्यावी लागते.

रेवा पंधरा वर्षांची, विजय नगरची. ऑर्डर देतानाच तिची आई म्हणाली होती, "ताई, हिचे नखरे फार आहेत बरं का." मी मुलीलाच बोलावून घेतलं. नखरे कसले? मऊ पोह्यात ओला मटार दाताखाली आला की तिला उलटी यायची. कोथिंबिरीचा वास सोसायचा नाही. कॅम्पवरच्या मिक्स भाजीला ती हातही लावणार नव्हती. आणि पप्पांनी बजावलं होतं, उपाशी परत आलीस तर हा पहिला आणि शेवटचा कॅम्प. मी नुसते मोहरी-हळदीचे पोहे केले. शेव मऊ पडू नये म्हणून वेगळी बांधली. माझ्यासमोर तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली.

"काकू, वहाँ पण असेच निघतील ना? पक्का?"

"तुझ्यासमोर सील लावते. बघ."

कॅम्पवर पोचले. रेवा झाडाखाली ग्लुकोजचं पाणी पीत बसली होती. मी पाकीट हातात घेतलं. माझ्या मशीनचं सील सरळ, बारीक रेघांचं असतं. ते कापलेलं होतं. त्याखाली दुसरं सील, वाकडंतिकडं, काळपट. मेणबत्तीच्या आचेवर धरून चिकटवलेलं. आत मटार, कोथिंबीर, ओलं खोबरं. पोहे आंबले होते, मटारांना तार सुटली होती.

"मैंने खोला तो हरा हरा दिखा," रेवा म्हणाली. "काकू, मला वाटलं तुम्हीच टाकलं."

हे वाक्य मला लागलं. अजूनही लागतं.

नितीनजींनी तिच्या आईलाही फोन केला होता; तेवढ्यात ती गाडीतून उतरली. मी पाकीट पुढे केलं.

"अहो ताई, तीन दिन बच्ची सूखं खाऊन कशी राहणार? मी तर बस थोडे मटर, हरा धनिया आणि खोबरं टाकलं. काय गलत केलं?"

"तिला विचारलंत?"

"माझ्याच मुलीला काय खिलवायचं, ते तिला विचारू?"

रेवा ऐकत होती.

नितीनजींनी मला बाजूला घेतलं. "गलती किसकी है, दिख रहा है मैडम. पर बस की आधी सीटें इनकी सोसायटी से भरती हैं. पेरेंट्स के ग्रुप पे डाल देता हूँ, पैकिंग में थोड़ा इशू था. आप तो घर के हो."

चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्याशाला निदान पुढच्या ऑर्डरची चिंता नसते. मला होती. मी गप्प बसले आणि त्यांनी तसं टाकलं.

रेवाला त्याच गाडीतून घरी नेलं. पप्पांनी शब्द पाळला.

आता मी पाकिटं घरी देत नाही. बस सुटताना मुलांच्या हातात देते. नियम चांगला आहे, तेव्हापासून एकही तक्रार नाही. आईबापांवर भरवसा ठेवू नये, एवढं या धंद्याने मला शिकवलं.

परवा तिच्या आईचा मेसेज आला. "ताई, रेवाने आता पोहे पण सोडले. तुम्हीच काही नवीन बनवून द्या ना."

काय बनवून देऊ? ग्रुपवरचा तो मेसेज रेवानेही वाचला असेल. ती माझ्याही हातचं खाणार नाही.