सासूबाईंचे अकराशे बारा

जुन्या फोनात नवा जीव घालायचा मला नाद आहे. कंपन्या तीन-चार वर्षांनी ज्या फोनांची विचारपूस बंद करतात, त्यांच्यासाठी जगात कुठे कुठे बसलेले हौशी लोक नवं सॉफ्टवेअर तयार करतात आणि फुकट ठेवून देतात. त्याला रॉम म्हणतात. आपण ते उतरवून घ्यायचं, फोनला कंपनीनं घातलेलं कुलूप उघडायचं, आतलं सगळं पुसायचं आणि नवं चढवायचं. सांगायला एवढंच. करायला अख्खा रविवार जातो, आणि कधी कधी फोनही जातो.

मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या खणात सोनपापडीचा एक रिकामा डबा आहे. माझ्या हातून गेलेले दोन फोन त्यात पडून आहेत. घरी कोणी आलं की बायको तो डबा आवर्जून उघडून दाखवते. मी पाच फोन वाचवले, ते मात्र तिला दाखवता येत नाहीत, कारण ते आपापल्या मालकांच्या खिशात सुखानं वाजत असतात. डॉक्टरच्या धंद्यात हा अन्याय आहेच.

तर, आठवा पेशंट माझ्या सासूबाईंचा.

सासूबाई नरखेडकडच्या एका गावात राहतात. संत्र्याचा बगीचा आहे, विहीर आहे, भजनी मंडळ आहे आणि मंडळाच्या पुढारी त्याच. त्या माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. जावयाशी सासूनं थेट बोलायचं नाही हे त्यांच्या आईनं पाळलं, म्हणून त्यांनीही पाळलं. मी खोलीत शिरलो की पदर डोक्यावर जातो आणि माझ्यासाठीचं बोलणं बायकोकडे वळतं.

"त्यायले विचार वं, भाजीत मीठ बराबर हाय का."

मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असतो. तरी मी बायकोला सांगतो, बरोबर आहे. बायको आईला सांगते, बरोबर आहे म्हणतात. तेवीस वर्षं आमचं नातं असं दुभाष्यावर चाललं होतं, आणि उत्तम चाललं होतं. दुभाष्या मधे असला की भांडायला फार कष्ट पडतात.

आता एक गोष्ट जी मला तेव्हा ठाऊक नव्हती, ती तुम्हाला आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. सासूबाई फोनवर एक खेळ खेळत. एका रंगाच्या तीन गोळ्या एका रांगेत आणल्या की त्या फुटतात, सगळ्या फुटल्या की पुढची लेव्हल. आणि माझी आई, जी आमच्याचकडे राहते, तीही तोच खेळ खेळत होती. दोघी विहिणी, एकमेकींना 'ईनबाई' म्हणणाऱ्या, गेली चार वर्षं या गोळ्यांवरून गुपचूप शर्यत लावून बसल्या होत्या. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन व्हायचा. गुडघे, बीपी, भजन, आणि शेवटी आई जरा पडेल आवाजात म्हणायची, "माझे आठशे चौऱ्याहत्तरच." तिकडून काहीतरी आकडा यायचा आणि आई म्हणायची, "बाप रे. अकराशे?"

मी हे पेपर वाचता वाचता ऐकत असे. मला वाटे, जपाच्या माळा. दोन म्हाताऱ्या बायका नामस्मरणात चढाओढ करताहेत म्हणून मी चार लोकांत त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं.

सासूबाई दसऱ्यासाठी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा फोन शेवटचे श्वास मोजत होता. एक नंबर लावला की चहा ठेवावा आणि चहा झाला की फोन कानाला लावावा, असा त्याचा वेग. शिवाय व्हिडिओ कॉलच्या ॲपनं नोटीस दिली होती की पुढच्या महिन्यापासून या फोनवर आपण चालणार नाही. बायको नवा फोन घेऊन द्यायला निघाली होती. मी तिला थांबवलं आणि नवमीच्या सकाळी, पोहे खाताना, सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा फोन मी उद्या दसऱ्याला सोनं म्हणून परत देणार.

बायकोनं टीव्हीखालच्या, सोनपापडीच्या डब्याच्या खणाकडे पाहिलं.

मग मी नियम समजावले. माझ्यासारख्या नाटकात काम केलेल्या माणसाला नियम साधे सांगता येत नाहीत. उभा राहिलो, एक हात छातीवर ठेवला आणि म्हणालो, की कुलूप उघडताक्षणी या फोनातलं सगळं, सगळं पुसलं जाईल. जे जे जपायचं ते आत्ता सांगा, ते मी कॉम्प्युटरवर काढून ठेवतो. जे सांगितलं नाही ते गेलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "त्यायले सांग, फोटो राहू द्या म्हणा. आन् नंबर."

ठीक, म्हणालो मी, बायकोमार्फत.

"आन् भजनं."

भजनंही.

मग त्या थांबल्या. एकदा तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. माझ्याकडे नाही, पोह्यांकडे पाहिलं. मग माझ्या आईकडे पाहिलं. आई समोर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. इतका शांत, इतका निर्मळ चेहरा मी आईचा आरतीतसुद्धा पाहिलेला नाही.

"आखीन काही हाय का?" बायकोनं विचारलं.

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "बाकी काय राहते आता."

भजनी मंडळाच्या पुढारीण बाईंनी जावयासमोर गोळ्यांचं नाव कसं काढावं? आता कळतं. तेव्हा मी फोटो काढले, नंबर काढले, अठ्ठावन्न भजनं काढली, कुलूप उघडलं आणि फोन कोरा केला. रिकामा फोन टेबलावर ठेवून झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो.

इथे माझं चुकलं. नवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते हे मी विसरलो. परत आलो तर आईनं पाटावर सगळं मांडलं होतं: सुरी, बायकोची कात्री, स्कूटरची किल्ली, माझे पेचकस, लॅपटॉप, आणि मधोमध, मानाच्या जागी, सासूबाईंचा फोन. प्रत्येकाला ओल्या हळदीकुंकवाचं बोट. फोनचं कपाळ कोणतं हे आईला ठरवता आलं नसावं. तिनं खालच्या बाजूला, चार्जिंगच्या भोकावर बोट टेकवलं होतं. टेकवलं म्हणजे भरलं होतं.

केबल लावली, कॉम्प्युटरला फोन दिसेना. जुनं पुसलेलं, नवं चढायला वाट नाही. या अवस्थेत फोन म्हणजे नुसती काच. बायको माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, लोकांच्या फोनात व्हायरस शिरतो, आपल्या घरी हळद शिरली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहत होत्या.

मी आईला विचारलं, नेमकं तिथेच का?

"मले काय माहीत," आई म्हणाली. "तुम्ही रोज तिथंच तार लावता. मले वाटलं तेच त्याचं तोंड."

ते खरं होतं की नव्हतं, याचा मी अजून विचार करतो आहे.

शिवणाची सुई, दात घासायचा जुना ब्रश आणि अर्धा तास. शेवटचा पिवळा कण निघाला आणि कॉम्प्युटर टुंग करून वाजला. मी फाईल चढवायला सुरुवात केली. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. पहिल्यांदा सुरू होताना तो बराच वेळ फिरतो, आणि तो थांबणार की फिरतच राहणार, हे फिरत असताना कोणालाच सांगता येत नाही. फिरत राहिला तर सोनपापडीचा डबा. मी कोणाला बोलू दिलं नाही. पंखासुद्धा बंद केला, त्याचा काही संबंध नसताना. तेरा मिनिटांनी गोल नाहीसा झाला आणि फोननं अगदी ताज्या चेहऱ्यानं विचारलं, भाषा कोणती?

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याच्या पानांखाली फोन ठेवून मी तो ताटातून पुढे केला. सासूबाईंनी बोट लावलं आणि फोटो फटकन उघडला. दुसरा फटकन. भजन लावलं, लागलं. बायको माझ्याकडे जरा अभिमानानं पाहत होती. हे तेवीस वर्षांत दोन-तीनदाच झालं आहे, म्हणून मला लक्षात राहिलं. सासूबाई फोन घेऊन बाल्कनीत गेल्या.

पाच मिनिटांनी परत आल्या. मी सोफ्यावर होतो, बायको आत पुऱ्या तळत होती. दुभाष्या नाही म्हणून मी नेहमीसारखा उठून बाहेर जायला लागलो. त्या वाटेत उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर आला होता, त्यांना कळलंही नव्हतं.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "माहे अकराशे बारा कुठी गेले?"

तेवीस वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी इतका हललो की मला वाटलं आता काहीतरी मोठं, शोभेल असं बोललं पाहिजे. अकराशे बारा. जपाचे आकडे. मी हात जोडले आणि नाटकातला आवाज काढला.

"आई, जप कुठे जात नाही. तो देवाच्या घरी जमा असतो."

"जप नाई हो," त्या म्हणाल्या. "गोळ्या."

बीपीच्या गोळ्या असं समजून मी आत डबा शोधायला निघालो होतो. तेव्हा त्यांनी मला बाहीला धरून खाली बसवलं आणि फोन माझ्या पुढ्यात धरला. बाल्कनीत त्यांनी तो खेळ पुन्हा उतरवून घेतला होता; पडद्यावर रंगीत गोळ्या नाचत होत्या आणि वर लिहिलं होतं: लेव्हल एक.

मग सगळं बाहेर आलं. चार वर्षं. बगीच्यात राखणीला बसल्या बसल्या, एसटीत, मंडळाच्या बायका यायच्या आधी. सहाशे चाळीसवर दोन महिने अडकल्या होत्या. नऊशेनंतर कोणाला न विचारता एकटीनं गेल्या. कुठे नाव-पासवर्ड टाकलेला नव्हता, म्हणून सगळं त्या फोनातच होतं, आणि त्या फोनातलं मी कालच पुसलं होतं. परत आणता येते का, त्यांनी विचारलं. मी खोटं बोललो नाही. येत नाही, म्हणालो. त्या रडल्या नाहीत, पण ताटातलं एक आपट्याचं पान घेऊन त्याच्या बारीक बारीक चिंध्या करत बसल्या.

"काल विचारलं तवा काहून नाई सांगितलं?" बायको झारा घेऊनच बाहेर आली होती.

"यायच्यासमोर?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मग आतापर्यंत आपण थेट माझ्याशीच बोलत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं, हात पदराकडे गेला, आणि तिथंच थांबला. आता पदर घेऊन काय उपयोग, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. त्यांनी हात खाली घेतला.

एवढा वेळ आई कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. ती उठली, देवघरातून आपला फोन घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"माहाही पुसून टाक," ती म्हणाली. "तुहं ते नवंवालं भर याच्यात. ईनबाई, दोघी एकपासून."

मला, खरं सांगतो, भरून आलं. आठशे चौऱ्याहत्तर लेव्हली, एका शब्दात सोडून दिल्या. बायकोनंही झारा खाली केला. सासूबाईंनी मात्र पानाच्या चिंध्या ताटात टाकल्या आणि आईकडे नीट पाहिलं.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "तुमी तं त्या आठशे चौऱ्याहत्तरवर होळीपासून अडकल्या होत्या ना?"

आई म्हणाली की पुऱ्या थंड होऊन राहिल्या, आधी जेवून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी आईचा फोन नवा केला. नववा पेशंट, विनातक्रार. हळदीच्या जागेत आधी डोकावून घेतलं. दोन्ही फोन आता पाण्यासारखे चालतात. सासूबाई गावी गेल्या आणि शर्यत नव्यानं सुरू झाली. फरक एवढाच की आता ती उघड चालते. आई सोफ्यावर पाय वर घेऊन खेळते आणि लेव्हल पार झाली की मोठ्यानं आकडा सांगते, जणू क्रिकेटचा स्कोअर.

आणि सासूबाई मला फोन करतात. थेट मला. पहिल्यांदा त्यांचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा मी बायकोकडे फोन दिला. तिनं ऐकलं आणि परत दिला. "तुमच्यासाठी आहे म्हणते." तेव्हापासून दर दोन दिवसांनी. हे कसं करावं, ते कुठं आहे, आवाज बारीक कसा होतो. जेवले का, हेही विचारतात. भाजीतलं मीठ आता मला सरळ सांगता येतं, आणि त्यामुळे जपून सांगावं लागतं.

परवा दुपारी फोन आला. आई समोरच सोफ्यावर, मान खाली, अंगठा चालू. नुकताच तिनं दोनशे सहाचा पुकारा केला होता.

"जवाईबापू, कामात तं नाई ना?"

नाही, म्हणालो.

"कोण आहे?" आईनं मान न उचलता विचारलं.

"ऑफिसचा आहे," म्हणालो मी आणि बाल्कनीत गेलो.

सासूबाईंचा आवाज खाली आला होता. त्या एकशे नव्वदवर होत्या. म्हणाल्या, एक विचारायचं होतं, रागावणार नसाल तर. "ईनबाईच्या फोनात तो पयलेवाला धीमेपणा पुन्हा भरता येते का?"

मी म्हणालो, येतो. सगळंच भरता येतं. पण त्यासाठी आईचा फोन दिवसभर माझ्या हाती लागला पाहिजे, आणि हल्ली तो तिच्या हातातून सुटत नाही.

पलीकडे बगीच्यात मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"बरं, राहू द्या," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीपूजनाले मी येऊनच राहिली. या खेपी हळदीकुकू मी लावते."