चाफ्याच्या आळ्यात

आमच्या आत्यांना पाणी गटारात जाताना बघवत नसे. नवऱ्याच्या या आत्या तरुणपणीच माहेरी परतलेल्या. निर्मळ गावातल्या आमच्या घरामागची सगळी वाडी त्यांच्याच हाताखाली होती. आंघोळीचं पाणी केळीला, तांदूळ धुतलेलं अळूला, कपड्यांचं शेवटचं माडाला. मी नळ जरा मोठा सोडला की आतून आवाज येई, "पाणी काय माहेरहून आणलंयस?"

माझं माहेर डोंबिवली. इथे आल्यावर माझं पहिलं वैर जमलं ते बोअरिंगच्या पाण्याशी. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही, गीझर क्षार बसून बंद. शेवटी पाण्यातला क्षार काढणारा सॉफ्टनर बसवला. हे यंत्र दर रविवारी आतला क्षार मिठाच्या पाण्याने धुऊन काढतं आणि ते पाणी पाइपाने बाहेर टाकतं. बसवणाऱ्याने पाइप गटारात सोडला होता. पुढच्या रविवारी बघते तर तो चाफ्याच्या आळ्यात.

सोनचाफा आत्यांनीच लावलेला. रोज सकाळी परडीभर फुलं देवळात नेत, उरलेली आळीत वाटत. त्याच्या फांदीवर टॉवेल टाकला तरी आम्हाला बोलणी बसत. आणि त्याच झाडाला त्या आपल्या हाताने मीठ पाजत होत्या.

मी समजावून थकले. नवरा म्हणे, तुमचं तुम्ही बघा. मी पाइप गटारात टाकायचा आणि मी आंघोळीला गेले की त्यांनी तो परत वळवायचा. एकदा मी तो तारेने घट्ट बांधला. ती तार सोडवून त्यांनी कारल्याच्या मांडवाला वापरली.

"खारट खारट काय लावलंयस? चाखलंय मी," त्यांनी मला ठणकावलं. "चांगलं पाणी आहे."

ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. यंत्र आधी साधं पाणी सोडतं, खारं नंतर येतं. आत्या सुरुवातीलाच ओंजळभर चाखून भाकऱ्या थापायला निघून जात. मी मधलं पाणी वाटीत धरून नेलं, तर म्हणाल्या, मीठ तूच घातलं असशील. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पानांच्या कडा करपू लागल्या, तेव्हा त्यांनी दोष उन्हाला दिला आणि आळं आणखी मोठं केलं.

मग एका रविवारी वीज गेली आणि यंत्राची वेळ चुकली. आत्या चाखायला वाकल्या तेव्हा खारं पाणी चालू होतं. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी घोट घेतला, थुंकला नाही, गिळला. पुन्हा एक घेतला. मग खोडाला हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. माझं खरं ठरलं तर मला बरं वाटेल, असं इतके महिने वाटत होतं. मेलं काहीच बरं वाटलं नाही.

"पाइप तू सोड गटारात," आत येऊन त्या म्हणाल्या. "माझ्या हातून नाही व्हायचं."

आम्ही आळ्यातली माती बदलली, टँकरचं गोडं पाणी घातलं. चाफा वाचला नाही. पुढे नवऱ्याने आगाशीहून नवं रोप आणलं. आत्या रोज त्याला पाणी घालायला तांब्या भरत आणि तो घेऊन आधी माझ्याकडे येत. "हे चालेल ना गं?" असं विचारत. उभा जन्म वाडी शिंपलेली बाई, पाण्यातलं मला विचारायची! दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होई. भांडा की माझ्याशी, असं ओरडावंसं वाटे. पण त्या होत्या तोवर मी रोज नुसतं "हो आत्या, चालेल" म्हणत राहिले, आणि मी म्हटल्याशिवाय त्यांनी एक थेंबही ओतला नाही.