कांडोळाची कोरी जागा

शेवडे सर चित्र घरी नेऊन कधीच पुरं करत नसत. मदन महालच्या टेकडीवर सुरू केलेलं चित्र टेकडीवरच संपलं पाहिजे, नाहीतर पुढच्या रविवारी पुन्हा त्याच दगडावर जाऊन बसायचं. दीक्षितपुऱ्यात राहणारे हे निवृत्त चित्रकला शिक्षक रविवारी सकाळी आम्हा नोकरदारांना निसर्गचित्रं शिकवत. मी बँकेच्या बदलीने जबलपूरला आलेली, चाळिशीत ब्रश हाती धरलेला, त्यामुळे लबाडी आधी सुचली. एकदा अर्धं आकाश घरी रंगवलं. सरांनी कागद नुसता पाहिला. "मॅडमजी, हा उजेड ट्यूबलाइटचा आहे. चलो, दुसरा कागद घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचं शेवटचं चित्र तिथल्या दगडांमधल्या कांडोळाचं होतं. या झाडाचं खोड पांढरंफटक असतं. जलरंगात सर पांढरा रंग वापरत नसत; तिथे कागदच कोरा सोडत. आकाश झालं, दगड झाले आणि मधे झाडाच्या आकाराची कोरी जागा राहिली. खोडावरच्या सावल्या पुढच्या रविवारी करायच्या होत्या. त्याच आठवड्यात सरांना अर्धांगाचा झटका आला.

चार महिन्यांनी उजवा हात थोडाफार हलू लागला. मी झाडाचा फोटो काढून आणते म्हटलं, तर त्यांनी तोंडच फिरवलं. टेकडीचं नाव काढायचं नाही, अशी काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, तंबी होती. पण सर ऐकतील तर शपथ! पहिल्या रविवारी माझ्यासोबत ते टेकडीच्या वीस पायऱ्या चढले, पुढच्या रविवारी तीस. दम लागला की तिथेच बसत, पण चित्र काही उघडत नसत. इथूनही टेकडी दिसतेच की, इथेच बसून पुरं करा, असं मी एकदा म्हणाले.

"दिसते. पण मी तिथं बसलो होतो ना. काहून घाई करून राहिल्या?"

मला त्यांचा राग येई आणि तितकाच हेवाही वाटे.

सहाव्या रविवारी आम्ही वर पोचलो. झाड वादळात मोडून पडलं होतं. गुडघाभर खुंट तेवढा उरला होता. मला रडूच कोसळलं. सर, तुम्हाला ते झाड पाठ आहे, आठवून काढा, असं मी विनवलं.

सर आपल्या नेहमीच्या दगडावर जाऊन बसले आणि त्यांनी चित्र उघडलं.

"पाठ आहे," ते म्हणाले. "पण आता समोर हे आहे. पाणी द्या."

डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी कोऱ्या जागेच्या तळाशी तो खुंट काढला, मोडलेल्या ढलप्यांसकट. दोन तास लागले. वरचं झाड कोरंच राहिलं. मग वेडीवाकडी सही करून त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

सरांना जाऊन आता वर्ष होईल. चित्र माझ्या बैठकीत लावलंय. येणारे-जाणारे विचारतात, झाड रंगवायचं राहिलं का?

राहिलं नाही, मी सांगते. सरांनी ते जागेवर बसून पुरं केलंय.