आतले आणि बाहेरचे

"ठैरो, जरा दम बघू दे," असं म्हणून मिस्त्री चालू इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी तळहात धरायचे आणि डोळे मिटायचे. आपण बोलू लागलो तर दुसऱ्या हाताने गप्प करायचे. त्या काळी तुम्ही सोलापुराहून तुळजापूरला सर्व्हिस मोटारीने गेला असाल, तर अड्ड्यावर तेलकट टोपीतला हा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं.

मी अड्ड्याशेजारच्या शाळेत भूमिती शिकवत असे. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण छापील अक्षरावर भारी विश्वास. मधल्या सुट्टीत मोटारीचं एक जाड पुस्तक घेऊन यायचे. "मास्तर, ह्यो सायब काय म्हंतोय बगा की."

एका वर्षी त्यांची मोटार घाटात मागे पडू लागली आणि दुसरी मोटार उतारू उचलू लागली. मोटारीच्या मालकाने बजावलं होतं, "पुन्हा घाटात रडली, तर मी दुसरा मिस्त्री बघतो." मिस्त्रींच्या कपाळावरची आठी तेव्हापासून मोडली नाही.

पुस्तकात वॉल्व्हच्या बैठकीवर एक पान होतं. वॉल्व्ह म्हणजे इंजिनाची झडप. ती जिथे टेकते, त्या कडेला तिरका काप असतो. तो पंचेचाळीस अंशांऐवजी तीसचा केला, तर झडप जराशी उचलताच हवेला जास्त वाट मिळते. मी वह्या तपासता तपासता सांगितलं, "आतले तीस करा, बाहेरचे पंचेचाळीसच ठेवा."

"आतले म्हंजे? वळीत आट वाल हायेत. मधले चार?"

"असेल, हो."

ते घुटमळले. "मधल्यात दोन धुराचे हायेत, मास्तर. धुराची झडप घट्ट बसाया लागती, न्हाय तर जळती. मला वाटतंय, हवेचे चार तीसचे पायजेत."

"पुस्तकात चूक कशी असेल, मिस्त्री?"

"व्हय, त्ये बी खरं."

माझ्याच पितळी कोनमापकाने मोजून त्यांनी मधल्या चारही बैठका कापल्या. दोन दिवस मोटार सुसाट पळाली. मिस्त्री शाळेच्या भिंतीवरून ओरडले, "मास्तर, तुमचं पुस्तक लई भारी!"

तिसऱ्या दिवशी मी माझ्याकडेच राहिलेलं पुस्तक सहज चाळलं. पुढच्या पानावर आकृती होती, बाण होते. आतले म्हणजे मधले नव्हेत; हवा आत घेणारे. कापलेलं लोखंड परत कसं भरायचं? सांगावं, तर मोटार उत्तम चालली होती. उद्या सांगू, असं ठरवून मी पुस्तक मिटलं. रोज चारच्या सुमाराला ती परतली की तिचा भोंगा वाजे. तो वाजेपर्यंत मला फळ्यावर सरळ रेघ ओढता येईना.

पाचव्या दिवशी भोंगा वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैल जुंपून मोटार ओढत आणली. दुसऱ्या मोटारीचा ड्रायव्हर म्हणाला, "काय मिस्त्री, नवं इंजिन कडबा खातंय व्हय?" सगळा अड्डा हसला. धुराच्या दोन मधल्या झडपा जळून गेल्या होत्या.

मालकाने विचारलं, "असं कापायला कुणी सांगितलं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माजंच मोजमाप चुकलं, मालक."

मी शाळेकडे वळलो.

मालकाने काढून टाकल्यावर ते वाडी जंक्शनला भावाकडे निघाले, तेव्हा मी स्टेशनवर गेलो. ते डब्यात चढले आणि मग माझ्या तोंडून निघालं. आतले म्हणजे हवेचे. चूक माझी होती. मला ती तिसऱ्याच दिवशी कळली होती.

आता शिव्या ऐकायच्या, म्हणून मी मान खाली घातली. ते दाराचा दांडा धरून मनाशी काही जुळवत राहिले. मग एकदम म्हणाले, "म्हंजे हवेचे तीस, धुराचे पंचेचाळीस? मग माजं बरोबर हुतं की, मास्तर!"

गाडी हलली. ते शेजारच्या अनोळखी उतारूकडे वळले आणि दोन बोटं तिरकी धरून त्याला झडपेचा काप समजावू लागले.