टिकलीभोवतीचं कडं

माझी थोरली जंतूंची डॉक्टर. बायका विचारतात, डोळ्यांची की हाडांची? मी सांगते, जंतूंची. आपण जंतू मारायला फिनेल आणतो, ही त्यांना काचेच्या ताटलीत खाऊ घालून वाढवते. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच, जंतूंची बाळंतपणं मात्र जन्मभर केली.

मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण तिचं काम तिनं मला नीट समजावलंय. ताटलीत रोग्याचे जंतू पसरायचे, वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटलं तर ते औषध लागू. नाही उमटलं तर जंतू वस्ताद. कुठलं औषध कशापायी निकामी झालं, हेच ती वर्षानुवर्षं शोधत बसली. त्यातून एक नियम निघाला, तो तिनं विद्यार्थ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला. हाताशी उरलेलं शेवटचं औषध अंदाजानं द्यायचं नाही, ताटली सांगेल तेव्हाच. आज उधळलंत तर उद्याच्या रोग्याला काय द्याल?

मग आमचे हे आजारी पडले. लघवीच्या वाटेचं ऑपरेशन झालं आणि तिथून जंतू रक्तात शिरला. घरच्या माणसावर आपण उपचार करू नयेत, म्हणून थोरलीनं त्यांना आपल्याच जुन्या विद्यार्थ्याच्या हाती दिलं. सगळा दवाखाना त्याला दाढीवाला म्हणतो. नेहमीची औषधं हरली, ताप हटेना. ताटली दुसऱ्या दिवशी मिळणार होती.

"ते कुलपात ठेवलेलं शेवटचं औषध दे की," मी म्हटलं.

"ताटली येऊ दे, आई."

"ताटलीला बाप आहे का? तुला आहे."

दाढीवाला खालमानेनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही नुसतं हो म्हणा. कुणी विचारणार नाही."

"तू विचारायला हवंस. तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच."

"मग झालं तर."

एवढं बोलून ती बेसिनपाशी गेली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. मला तिचा राग आला. पाठमोरी दिसली तशी कीवही आली.

दुसऱ्या दिवशी ताटली आली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, मग दाढीवाल्याला दिली. "वाच."

"मॅडम, तुम्ही पाहिलंत ना."

"रोगी तुझा आहे. वाच."

तो एकेका टिकलीवर बोट ठेवत गेला. नाही. नाही. इथंही नाही. शेवटच्या टिकलीशी थांबला. "हेही नाही." मग मलाच धीर द्यावा तसं म्हणाला, "आजी, काल दिलं असतं तरी उपयोग झाला नसता."

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती चुकली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. आता भांडायचं कुणाशी?

हे जागेच होते. "काय मास्तरीणबाई, लागला निकाल?"

"लागला, बाबा."

"मी पास?"

रोग्याशी ती कधी खोटं बोललेली नाही. "औषधं नापास झाली."

"सगळी?"

"सगळी."

ह्यांनी थोडा विचार केला. "मग आता तू मोकळीच आहेस. बस की इथं. सारखी उभी काय राहतेस?"

ती बसली. मी पायाकडची चादर सारखी केली. ती सारखीच होती.