आईला समजून घेणारं हळदीकुंकू

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सगळे एकमेकांना फार समजून घेतात. पार्किंग, पाण्याचा पंप आणि भटकी कुत्री एवढे विषय सोडले, तर आमच्याइतकी समजूतदार माणसं अख्ख्या सेंट्रल लाइनवर सापडणार नाहीत, असं आम्हीच म्हणतो. या समजूतदारपणाच्या तावडीत एकदा माझी आई सापडली.

बाबा गेल्यानंतरची ती पहिली संक्रांत. संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी खालच्या हॉलमध्ये सोसायटीचं हळदीकुंकू असतं, आणि तिळाच्या वड्या दरवर्षी आईच्या. बाकीच्या बायकांच्या वड्यांचा एक तर दगड व्हायचा, नाहीतर भुगा. बाबा गेल्यापासून आई बँक आणि दवाखाना सोडून कुठे गेली नव्हती. आता तिला हळदीकुंकवाला जायचं होतं. मैत्रिणींमध्ये तासभर बसायचं, चार उखाळ्यापाखाळ्या करायच्या, यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

पण हळदीकुंकू म्हणजे सवाष्णींचा मान. तिथे विधवेने यायचं की नाही, यावरून लगेच दोन पक्ष पडले.

एका पक्षाच्या पुढारी आमच्या समोरच्या काकू. आईशी त्यांची इतकी जुनी मैत्री की एकीच्या घरातली भांडी दुसरीच्या घरात सापडतात. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "आमच्या मनात काही नाही गं. पण तिलाच कसंतरी वाटेल ना." काय सोयीचं वाक्य आहे. माणसाला दाराबाहेर ठेवायचं आणि कारण त्याच्याच मनात नेऊन टाकायचं. जाता जाता काकू वळून म्हणाल्या, "वड्या मात्र तिच्याच हं." म्हणजे आईच्या हातचा तीळ चालत होता, तिचं कपाळ चालत नव्हतं.

दुसऱ्या पक्षाच्या पुढारी वरच्या मजल्यावरच्या मॅडम. कॉलेजातून रिटायर झाल्या, पण घरात मीठ मागतानाही हातात माइक असल्यासारख्या बोलतात. त्यांना बदल घडवायचा होता. आईला स्टेजवर बोलवायचं, सगळ्यांच्या आधी तिला कुंकू लावायचं, शाल-नारळ द्यायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. मी अर्थातच या पक्षात होते. साकीनाक्याला एसी ऑफिसात बसणारी बाई दुसऱ्या कुठल्या पक्षात असणार?

मग मीटिंग झाली. दोन्ही बाजूंनी एकमेकींच्या भावना समजून घेतल्या. त्याला बराच वेळ लागला, कारण समजून घेताना कोणी कोणाला वाक्य पुरं करू देत नव्हतं. शेवटी तोडगा निघाला: मॅडमनी आईला कुंकू लावायचं, आणि ज्यांना ते बघवत नाही त्यांनी तेवढा वेळ हॉलच्या दुसऱ्या टोकाला मसाला दूध ओतायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने करायचं आणि दुसऱ्याने पाठ फिरवायची, याला आमच्याकडे सहिष्णुता म्हणतात.

मी उड्या मारत घरी येऊन आईला सांगितलं. ती पोळपाटावर वड्या थापत होती.

"मला कुंकू नकोय," ती म्हणाली.

"अगं, तुझा हक्क आहे तो."

"हक्क आहे ना? मग मला नको म्हणता येईल."

"पण का?"

"माझं कुंकू कुणी पुसलं नाही. मीच थांबवलं. ते गेले, आता मला लावावंसं वाटत नाही." मी आणखी काही बोलणार, तर ती वैतागली आणि वैतागली की ती थेट मालवणीत शिरते. "माका फक्त थंय बसाचा आसा."

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "संस्कारांचा पगडा," त्या हळहळल्या, "आपण तिला समजावू." काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कुंकू नको तर हळदीकुंकवाला येऊन करायचं काय?" दोन पक्ष, आणि एका बाईला नुसतं बसायचंय ही साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात शिरेना.

त्या रविवारी आई जांभळी साडी नेसून, वड्यांचं पातेलं घेऊन खाली आली आणि बायकांच्या रांगेत बसली. मॅडमनी माइकवरून नाव पुकारलं. आईने बसल्या जागी हात जोडले. "मला नको हो. मी इथे बरी आहे." मॅडम शाल हातात धरून तशाच उभ्या. दुधाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या पक्षातल्या बायकांना मागे एकदम शांतता का झाली ते कळेना, म्हणून त्याही वळल्या.

मग नेहमीसारखं हळदीकुंकू सुरू झालं. कुंकू लावून काकू प्रत्येकीच्या हातात वाण ठेवत होत्या, निळ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा. आईपाशी त्या क्षणभर घुटमळल्या आणि पुढच्या बाईकडे गेल्या. मॅडमनी शाल-नारळ पिशवीत घालून परत वर नेला. मी मागे बसून हे बघत होते आणि मला दोघींचाही भयंकर संताप आला.

कार्यक्रमानंतर लिफ्टपाशी दोन्ही पक्ष भेटले आणि त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. आईने सगळ्या कार्यक्रमाचा विचका केला. वड्या मात्र झकास होत्या.

घरी आल्यावर आई कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची सून माहेरी गेली, ते सगळं सांगत होती. चेहरा खुललेला होता, तो बघून मला बरं वाटलं. मग साडीची घडी घालता घालता ती थांबली.

"मला डबा नाही दिला गं कुणी."

"आणू की आपण तसाच. स्टेशनबाहेर मिळतात."

"विकतचा कशाला?" ती म्हणाली. "सगळ्यांना देत होत्या, त्यातला हवा होता."